वणव्याची शाळा

मारतहळ्ळीत जंगल नाही. बेंगळूरु शहराच्या पूर्वेला, बाह्य वळणमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या उपनगरात उड्डाणपूल आहे, रस्त्याच्या कडेने कपड्यांची दुकाने आहेत, काचेच्या इमारतींत संगणकापुढे बसणारी माणसे आहेत आणि सायंकाळी या सर्वांना कवेत घेणारी वाहनांची न संपणारी रांग आहे. गावाच्या नावात मराठी माणसाला ‘मराठा’ ऐकू येतो आणि उगाचच बरे वाटते. काही स्थानिक लोक मात्र हे नाव जवळच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून पडले असे सांगतात. यातले खरे कोणते, हे ठरविण्याच्या भरीस मी पडलो नाही. परंतु ‘मारुत’ म्हणजे वारा. आणि ज्या विषयाकडे मी पुढे ओढला गेलो, त्यात वाऱ्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही.

जंगल नसले, तरी आगीशी या भागाची ओळख आहे. मारतहळ्ळीपासून थोड्याच अंतरावर बेळ्ळंदूरचे विस्तीर्ण तळे आहे. तळ्याला आग लागते, असे कोणी मला लहानपणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा १९ जानेवारी २०१८ रोजी या तळ्यातून धुराचे लोट उठले. सांडपाण्यावर माजलेले आणि नंतर वाळलेले गवत, शिवाय त्यात येऊन पडलेला कचरा, असे सारे पेटले होते. दुसऱ्या वेळी ती आग आटोक्यात आणण्यासाठी लष्कराचे सुमारे पाच हजार जवान उतरले होते. गच्चीवरून तो धूर पाहताना ‘जळ’ आणि ‘जळणे’ हे दोन शब्द आपल्या भाषेत इतके शेजारी शेजारी का राहतात, असा एक विचित्र विचार माझ्या मनात येऊन गेला.

वणवा मात्र मी फार पूर्वी पाहिला होता. माझे बालपण सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळच्या एका खेड्यात गेले. शिमगा जवळ आला की रात्री मेळघाटच्या डोंगरावर आगीची माळ दिसे. कधी ती एखाद्या सोंडेवरून हळूहळू खाली उतरे, कधी मधेच तुटे आणि पुन्हा जुळे. अंगणात बाजेवर पडलेली मोठी माणसे “वणवा लागला वाटते,” एवढे म्हणून कूस बदलीत. आम्हां मुलांना ती रोषणाई वाटे. मोहाची फुले वेचायला जमीन साफ व्हावी, तेंदूला नवी पालवी फुटावी, गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून कोणी पालापाचोळ्याला काडी लावतो. कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. आपल्या देशातील बहुतेक सर्व वणवे माणसाच्याच हातून लागतात, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचनातून कळले. ती माळ मधेच तुटत असे, ती आपोआप नव्हे. कोणीतरी रात्रभर डोंगरावर उभे राहून ती तोडीत असे. उन्हाळ्यापुरते आगीच्या पहाऱ्यावर नेमलेल्या अशा मजुरांना आमच्याकडे ‘अंगारी’ म्हणतात. शब्द किती नेमका आहे! आणि इतका नेमका शब्द असूनही त्या शब्दामागच्या माणसाचे नाव आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हते.

मेळघाट आणि बंडीपूर ही दोन्ही जंगले व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी होत. कर्नाटकात राहू लागल्यावर बंडीपूरविषयी मला घरचा जिव्हाळा वाटू लागला तो त्यामुळेच. साग, धावडा, ऐन अशी ओळखीची झाडे, तशीच पानगळ, उन्हाळ्यात तसाच पावलांखाली मोडणारा पाचोळा. चामराजनगर जिल्ह्यातील या जंगलात २१ फेब्रुवारी २०१९ रोजी आग भडकली आणि गोपालस्वामी बेट्टाच्या परिसरात पाच दिवस धुमसत राहिली. आधीच्या पावसात गवत उंच वाढले होते. ते वाळून कोळ झाले होते. त्यात घाणेरीची दाट झुडपे. हे परदेशी झुडूप आता आपल्या साऱ्या जंगलांत शिरले आहे, आणि जमिनीवरची आग त्याच्या काटक्यांची शिडी करून झाडांच्या शेंड्यापर्यंत चढते. अखेर २५ तारखेला वायुसेनेची मी-१७ जातीची हेलिकॉप्टरे मोठ्या बादल्यांनी पाणी ओतू लागली. जळालेले क्षेत्र सुमारे १०,९०० एकर असल्याचा अंदाज उपग्रहांच्या छायाचित्रांवरून पुढे आला.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात, २३ फेब्रुवारीला, बेंगळूरुच्या उत्तरेला येलहंका येथे भरलेल्या विमानप्रदर्शनाच्या वाहनतळावर आग लागली. तेथे वाळलेले गवत होते आणि वारा होता. पाहता पाहता सुमारे तीनशे मोटारी जळून गेल्या. वाळलेले गवत म्हणजे काय, हे शहराला त्या दिवशी कळले.

त्याच शनिवारी पहाटे आमच्या इमारतीतील चार तरुण मोटार काढून बंडीपूरला गेले. शहरातून तसे अनेक जण गेले होते. सोमवारी ते परतले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, एकाच्या बुटाचा तळवा सुटून लोंबत होता आणि दुसऱ्याच्या कृत्रिम धाग्याच्या सदऱ्याला ठिणग्यांनी वितळून भोके पडली होती. ते फार थोडे बोलले. “आम्ही पाण्याच्या बाटल्या वाहिल्या,” एक जण म्हणाला, “आणि शेवटच्या दिवशी फांद्यांनी थोडी आग बडवली. पण काका, तिथली माणसे आमच्याकडेच जास्त बघत होती.”

त्या वाक्याचा अर्थ आम्हांला एका निवृत्त वनक्षेत्रपालांनी सांगितला. ते आमच्याच भागात मुलाकडे राहत. “तुम्ही येता तेव्हा मला आनंद होतो,” ते म्हणाले, “पण मग मला आगीबरोबर तुमच्यावरही लक्ष ठेवावे लागते. दोन्ही जमत नाही.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच बंडीपुरात आग विझविताना एका तरुण वनरक्षकाचा मृत्यू झाला होता, त्याची आठवण त्यांनी करून दिली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात कोट्टंबत्तूर येथे तीन वनपहारेकरी वणव्यात सापडून गेले, आणि जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वनकर्मचाऱ्यांचा असाच अंत झाला, तेव्हा मला त्यांचे ते शब्द पुन्हा आठवले. जंगलात आयुष्य घालविणाऱ्यांची ही गत. मग गुगलवर नकाशा पाहून निघालेल्यांचे काय?

अशा रीतीने आमचे शिक्षण सुरू झाले. २०१९ च्या पावसाळ्यानंतर दर रविवारी, वसाहतीच्या सभागृहात, लग्नाच्या खुर्च्यांवर बसून. आम्ही बावीस जण होतो. वनक्षेत्रपालसाहेबांनी पहिल्या दिवशी ना नकाशा काढला, ना चित्रे दाखविली. एक मेणबत्ती पेटवली, तिच्यावर काडी धरली आणि विचारले, “वरच्या बाजूला धरली तर लवकर पेटते की खालच्या?” मग म्हणाले, “डोंगरउतार म्हणजे हेच.” आग चढणीवर वेगाने धावते, कारण तिच्या ज्वाळा पुढच्या गवताला आधीच तापवून, वाळवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला, चढणीवर, कधीही उभे राहावयाचे नाही. हा एकच नियम त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा वदवून घेतला, की माझ्या सात वर्षांच्या नातीलाही तो पाठ झाला.

आगीलाही शरीर असते, हे मला तेथे कळले. तिला तोंड असते, दोन बगला असतात आणि शेपूट असते. वारा जिकडे वाहतो तिकडे तोंड. अननुभवी माणूस धावत तोंडाकडे जातो, कारण तेथेच ज्वाळा उंच असतात आणि पराक्रम दिसतो. जाणता माणूस शेपटाकडून सुरुवात करतो. रस्ता, ओढा किंवा आधीच जळून गेलेली जमीन असा एखादा भक्कम आधार पाठीशी घेऊन बगलेने पुढे सरकतो आणि आगीला दोन्हीकडून चेपत नेतो. जळालेली काळी जमीन ही सर्वांत विश्वासू मैत्रीण, कारण जे एकदा जळले ते पुन्हा जळत नाही. आणि पाणी? वणव्याच्या कामात पाणी बहुतांशी पिण्यासाठीच असते. डोंगरावर बंब पोचत नाही. तेथे चालतात ती ओल्या पानांची फांदी, फावडे, दंताळे, कोयता आणि अलीकडे पाठीवर घेऊन पाचोळा उडविणारे यंत्र. आग विझवायची म्हणजे तिच्या पुढचे खाद्य काढून घ्यायचे. एवढेच त्या शास्त्राचे सार आहे असे म्हणावे, तर ते किती अवघड सार आहे हे प्रत्यक्ष हातात दंताळे घेतल्यावर समजते.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही परवानगी घेऊन दोन दिवसांसाठी बंडीपूरच्या सीमेवर गेलो. तेव्हा तेथे जाळरेषा काढण्याचे काम चालू होते. रस्त्यांच्या कडेने आणि जंगलाचे तुकडे पाडीत जाणाऱ्या या पट्ट्यांवरील गवत कापून, वाळवून, हंगामापूर्वीच देखरेखीखाली जाळून टाकतात, म्हणजे पुढे आग आलीच तर तिला ओलांडायला काही उरत नाही. आम्हांला शिकवायला दिले होते ते एका सोलिग पहारेकऱ्याच्या हाती. पन्नाशीचा, किडकिडीत बांध्याचा हा माणूस. आम्ही त्यांना ‘अण्णा’ म्हणू लागलो. त्यांनी पहाटे मूठभर पाचोळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटायला सांगितली. पाने मऊ होती, दबली. दुपारी दोन वाजता तेथलाच पाचोळा पुन्हा दिला. या वेळी त्याचा चुरा झाला. “आता लावू नये,” अण्णा कन्नडमध्ये म्हणाले. रात्री व पहाटे हवेत ओल असते, वारा पडलेला असतो. आग तेव्हा शहाणी असते. विझवायचे काम तेव्हाच उरकून घ्यावे. हवामानशास्त्राची जी गोष्ट वनक्षेत्रपालसाहेबांनी दोन रविवार घेऊन समजावली होती, ती अण्णांनी दोन मुठींत आटोपली.

त्यांच्याकडूनच मी ‘तरगु बेंकी’ हा शब्द ऐकला. तरगु म्हणजे पाचोळा, बेंकी म्हणजे आग. उन्हाळ्याच्या आरंभीच, पाचोळा थोडा असतानाच, त्याला हलकी आग लावण्याची सोलिगांची जुनी रीत होती. ती गुडघ्याएवढी आग पाचोळा आणि घाणेरीची रोपे खाऊन निघून जाई. मोठी झाडे तशीच राहत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती रीत बंद पडली. ती पुन्हा सुरू करावी की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि मी त्या वादात पडू इच्छीत नाही. पण ज्यांच्या आजोबांना आग लावण्याबद्दल गुन्हेगार ठरविले गेले, त्यांचीच नातवंडे आज आग विझविण्यासाठी रोजंदारीवर उभी आहेत, हे पाहून मनात काहीतरी सलते. आमच्या पुराणांत खांडववन जाळणाऱ्यांची कथा मोठ्या रसाने सांगितली आहे. ते विझवू पाहणारा इंद्र तेथे पराभूत होतो आणि कथा पुढे जाते.

दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे नाव होते ‘पळणे’. हसू नका. वणव्याच्या शिक्षणात सर्वांत जास्त वेळ याच पाठाला दिला जातो. काम सुरू करण्यापूर्वी पळण्याची वाट ठरवायची, ती दोन वेळा चालून पाहायची, उंचावर एक माणूस केवळ पाहण्यासाठी ठेवायचा आणि त्याची शिट्टी ऐकू आली की हातातले काम तेथेच टाकायचे. जगभरच्या अग्निशामक दलांनी हे नियम फार मोठी किंमत देऊन मिळविले आहेत. अमेरिकेतील मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या खोऱ्यात ५ ऑगस्ट १९४९ रोजी आकाशातून छत्रीने उतरलेली एक तुकडी वणव्यापुढे चढणीवर सापडली. तिचा नायक वॅगनर डॉज याने पळता पळता थांबून पुढच्या गवताला स्वतःच आग लावली आणि ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडून राहिला. मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, तो वाचला. त्याने इतरांना हाका मारून बोलाविले होते. पण आगीपासून पळताना पुढे आणखी आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असावा. कोणी थांबले नाही. तेरा जण गेले. डॉजला ती युक्ती त्या क्षणी सुचली होती. इतरांना ती कोणी कधी शिकविली नव्हती. या घटनेनंतर आठ वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकेच्या वनखात्याने वणवा विझविणाऱ्यांसाठी दहा आज्ञा तयार केल्या.

मी तो प्रसंग वनक्षेत्रपालसाहेबांना सांगितला तेव्हा त्यांनी तो अण्णांना कन्नडमध्ये सांगितला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांनी आधी काळी जमीन का शोधून ठेवली नव्हती?”

आभार कोणाचे मानावयाचे, हा प्रश्न पुढे उभा राहिला तो आमच्या वर्गाच्या समारोपाच्या वेळी. सभागृहात कार्यक्रम झाला, आम्हांला प्रमाणपत्रे मिळाली, छायाचित्रे निघाली. भाषणांत ‘निसर्गाचे रक्षक’ वगैरे शब्द आमच्यासाठी वापरले गेले. मला ते ऐकताना अवघडल्यासारखे झाले. आम्हां बावीस जणांना दोन दिवस जंगलात उभे राहता यावे म्हणून किती हात लागले होते, हे मी मनात मोजू लागलो. आमच्या तरुणांना हंगामात चार दिवसांची रजा देण्याचे कबूल करणारे त्यांचे वरिष्ठ. त्या दोन दिवसांत पहाटे चार वाजता उठून आमच्यासाठी चित्रान्न करणारी सीमेवरच्या गावातील बाई. ते आमच्या हातात देताना “काही जळू देऊ नका,” एवढेच ती म्हणाली. आपल्या ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी बसवून देणारा शेतकरी, ज्याची केळीची बाग हत्तींनी त्याच महिन्यात तुडवली होती आणि तरीही ज्याने भाडे घेतले नाही. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेतील ते अदृश्य लोक, जे २००४ पासून उपग्रहांनी टिपलेले उष्ण ठिपके पाहून राज्यांना आगीची सूचना धाडत आले आहेत. आता तर आगीची सूचना थेट गस्तीवरच्या वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीपर्यंत पोचते. उपग्रहाला साधारण पावणेचारशे मीटरच्या चौकटीत काहीतरी जळते आहे एवढेच कळते. त्या चौकटीत पायी जाऊन आग शोधणारे पाय वेगळेच असतात.

वनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आपल्याकडे चांगल्या संस्था आहेत. सांगली जिल्ह्यात कुंडल येथे वन अकादमी आहे, धारवाडजवळ गुंगरगट्टी येथे कर्नाटकाची अकादमी आहे. त्यांतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांनी जंगले सांभाळली आहेत, याविषयी शंका नाही. परंतु आगीच्या सर्वांत जवळ उभा राहतो तो हंगामी पहारेकरी. तीन-चार महिन्यांसाठी त्याला रोजंदारीवर घेतात. पाऊस पडला की त्याचे काम संपते. पुढच्या वर्षी तोच येईल याची खात्री नाही, म्हणून त्याच्यावर प्रशिक्षणाचा खर्च करावा असेही सहसा कोणाला वाटत नाही. तो शिकतो बापाकडून, शेजाऱ्याकडून, आगीकडून. आणि आम्ही शहरातील माणसे त्याच्याकडून. मला विचाराल तर अशा माणसाचे आभार मानण्याचा सभ्य मार्ग म्हणजे त्याचा बारमाही पगार, विमा आणि अंगावर सुती जाड कपडे. शाल आणि नारळ त्यानंतर द्यावेत, हवे तर.

हे मी बोलून दाखविले नाही असे नाही. वनक्षेत्रपालसाहेबांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, “पत्र लिहा. मीही बारा लिहिली आहेत.” आम्ही लिहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये साथीमुळे सारेच थांबले. नंतर पुन्हा लिहिले. मधल्या काळात आमच्या बावीसपैकी नऊ जण नोकरीनिमित्त इतर शहरांत गेले. उरलेल्यांपैकी काही जण दर जानेवारीत दोन दिवस जाळरेषेच्या कामाला जातात. आग विझवायला आम्हांला अजून बोलावलेले नाही आणि मला ते योग्यच वाटते. गवत कापणे, पाचोळा ओढणे, पाणी पोचवणे ही कामे आम्हांला जमतात. त्यामुळे तेवढी जाणती माणसे आगीपाशी जाण्यास मोकळी होतात.

जंगलातल्या त्या पहिल्या मुक्कामातील दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही निघताना मी, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, जुळवून ठेवलेली चार वाक्ये अण्णांना म्हणून दाखविली. त्यांनी मान डोलावली. त्यांना रात्रीच्या पाळीवर जावयाचे होते, त्यामुळे ते थोडे घाईत असावेत. मग आमच्या पायांकडे पाहत त्यांनी वनक्षेत्रपालसाहेबांना काहीतरी विचारले. साहेब हसले. “तुमचे हे बूट उद्यापासून तुम्हांला लागणार आहेत का, असे विचारतात,” त्यांनी भाषांतर केले. आम्ही तेथेच दगडांवर बसून नाड्या सोडल्या. अकरा जोड निघाले. अण्णांनी ते ओळीने मांडले, उलटे करून प्रत्येकाचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला आणि कोणता कोणाला होईल हे मोजू लागले. त्यांना स्वतःला सात नंबर लागत होता. त्या मापाचे दोनच जोड होते, आणि त्यांतला एक त्यांनी आधीच आपल्या धाकट्या सहकाऱ्यासाठी बाजूला ठेवला होता.